चांगला ॲटलास

३ फेब्रुवारी

ताई,

शाळेतून आलो की युनिफॉर्म न बदलताच आपण दोघी बाबांच्या पुस्तकबांधणीच्या टेबलाशी उभ्या राहायचो, आठवतं? तू शिवणीच्या दोऱ्याला मेण लावायचीस आणि मी हाडाच्या पट्टीने कागदांच्या घड्या बसवायचे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पाठ करायला दिलेली कविता तू मोठ्याने म्हणायचीस आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोरा मेणावरून ओढायचीस. बाबा मान वर न करता म्हणायचे, "थोरलीचा दोरा तालात, धाकटीची घडी सरळ." मला तेव्हाही वाटायचं की ताल हा मोठा गुण. सरळ काय, फूटपट्टीसुद्धा असते.

तुझं पुस्तक मिळालं. बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं आपलं सगळं नववर्षाच्या कार्डावर भागत होतं, त्यामुळे पार्सल बघून आधी धास्तावलेच. म्हटलं, कोण आजारी पडलं?

बांधणी बघितली, कारण मी आधी तेच बघते. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेलेच नाहीत गं. पाठीला नुसता गोंद फासलाय. अस्तित्वावरचं पुस्तक आणि दोन वाचनांत पानं सुटी होणार. तुझ्या प्रकाशकाला सांग.

मग वाचलंही. सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण कॉन्व्हेंटने निदान अवघड पान न टाळता वाचायची शिस्त लावली आहे. लाल वस्तू असतात हे ठीक, पण लालपणा म्हणून वेगळं काही असतं का? एखाद्या वस्तूचे सगळे भाग बदलले तरी ती तीच राहते का? छान लिहिलंयस. मी आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांचे भाग बदलत आले, मला कुणी विचारलं नाही.

आणि पान एक्केचाळीस. तिथे आपण आहोत. आपण जुळ्या, तू काही मिनिटांनीच थोरली, वर्ग एकच; शाळेच्या शेवटच्या वर्षी भूगोलात आपल्या दोघींना सारखे गुण पडले, म्हणून मदरनी एक बक्षीस न देता एकसारखे दोन ॲटलास दिले. सुट्टीत गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला आणि कपाटात पाणी शिरलं. तुझ्या ॲटलासची पहिली अर्धी पानं गेली, माझ्या ॲटलासची मागची अर्धी. बाबांनी दोन्ही सोडवले. माझे पुढचे चांगले नकाशे आणि तुझे मागचे चांगले नकाशे घेऊन एक अख्खा चांगला ॲटलास बांधला. उरलेल्या डागाळलेल्या पानांचा दुसरा. दोन्ही एकाच ताग्यातल्या लाल कापडात. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "सांगा, आता कुठला कुणाचा?"

इथपर्यंत तू खरं लिहिलंयस. पुढे तू काय म्हणालीस तेही खरं लिहिलंयस. की चांगला ॲटलास आपल्या दोघींपैकी कुणाचाच नाही, तो त्या दिवशी जन्मला, त्यामुळे जुना हक्क सांगून तो कुणालाच मिळणार नाही, नव्याने द्यावा लागेल. सतरा वर्षांची मुलगी असं बोलली हे मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. बाबा इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हिला पुढे शिकवायला हवं." त्याच आठवड्यात तुझ्या कॉलेजचा फॉर्म आला.

मग तू लिहितेस, "माझी धाकटी बहीण गप्प होती."

मी गप्प नव्हते. मी म्हणाले होते, "दोन्ही बाबांचे. त्यांनी बांधलेत." तू ऐकलं नाहीस, कारण बाबा हसत होते. बाबांनी ऐकलं की नाही ते माहीत नाही. त्यांनी मला खळीचं भांडं झाकायला सांगितलं.

काय असतं आणि काय नसतं यावर तू तीनशे पानं लिहिलीस आणि त्यात मला नसलेल्यांत टाकलंस.

आता पुस्तकासोबतच्या तुझ्या चिठ्ठीबद्दल. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दोन्ही ॲटलास शेजारी हवेत, माझा आहेच, तुझ्याकडचा चांगला पाठव, आठवड्यात परत करते, असं लिहिलं आहेस. तो ॲटलास आता नाही. वाळवीने खाल्ला. वाईट वाटून घेऊ नकोस.

धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

बाबांनी बांधलेल्या पुस्तकाला वाळवी लागणं शक्य नाही, ते खळीत मोरचूद घालून शिजवायचे, असं तू एका ओळीत लिहिलंस आणि खाली सही केलीस. पंचेचाळीस वर्षांत एकदाही दाभण हातात धरलं नाहीस, पण मोरचूद बरा लक्षात राहिला.

बरं, आहे. माझ्या कपाटात वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात आहे. पण पाठवणार नाही.

का ते विचारतेस, तर सांगते. या वयात लाजायचं काय. माझ्या पोटात दुखतं. तुझं पत्र आलं की दुखतं, तुझा पेपरात फोटो आला की दुखतं. एकदा दुकानात दोन विद्यार्थी प्रबंध बांधायला आले आणि आपसात तुझ्याबद्दल बोलत होते. मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. मी म्हणाले नाही की ती माझी बहीण. त्यांच्या प्रबंधावर सोनेरी अक्षरं मात्र एक मिलिमीटर तिरकी उमटवली. आयुष्यात पहिल्यांदा. माझी सरळ घडी!

तू गेलीस, मोठी झालीस, तुला लेक झाली. मी इथे त्याच टेबलाशी. त्याच खिडकीतून समोरच्या छापखान्याचं तेच शटर दिसतं, फक्त त्याला तीनदा रंग दिला. बाबा शेवटपर्यंत माझ्याजवळ होते हे खरं, पण कान तुझ्याकडे. पोस्टमन आला की हातातलं काम पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात तसंच ठेवायचे. तुझं कार्ड दोन ओळींचं असायचं. पोचले, बरी आहे. परीक्षा झाली, बरी आहे. ते उभ्यानेच वाचायचे, मग उलटून मागची कोरी बाजूही बघायचे. मी रोज त्यांचं जेवण, त्यांचं औषध, त्यांचे बारीक अक्षरातले मजकूर वाचून दाखवणं, सगळं करायचे आणि त्यांनी मला उलटून बघितलं नाही कधी. रोज समोर असणाऱ्या माणसाला कुठून मागची बाजू असणार!

तुझ्या दुसऱ्या प्रकरणात तू विचारतेस, दोन गोष्टी सगळ्या गुणधर्मांत तंतोतंत सारख्या असतील तर त्या दोन आहेत हे कशावरून? मोठमोठ्या लोकांनी डोकी शिणवली म्हणतेस. अगं, एक तुझ्याकडे आहे आणि एक माझ्याकडे आहे यावरून. ज्याचा जळफळाट होतो त्याला हा प्रश्नच पडत नाही.

गिऱ्हाईक बांधणी न्यायला यायचं आणि विचारायचं, हे माझंच ना? तेव्हा बाबा कधी वाद घालायचे नाहीत. ते प्रत्येक पुस्तकाची पाठ कापडाने झाकायच्या आधी आतल्या कागदावर पेन्सिलीने मालकाचं नाव लिहायचे. चार गिऱ्हाइकांची चार एकसारखी वह्या-पुस्तकं एका दिवशी निघायची, बाहेरून कुणाचं कुठलं कळायचं नाही, पण आत नाव असायचंच. पुस्तक फाडल्याशिवाय ते कुणाला दिसायचं नाही. मी विचारायचे, दिसतच नाही तर लिहायचं कशाला? म्हणायचे, "आपल्याला माहीत असलं की झालं." हे घाल तुझ्या पुस्तकात. नाहीतर नको, तेही तुझं होईल.

मार्चअखेर मी दुकान बंद करतेय. अंगठ्यांचे सांधे गेलेत, सुई धरवत नाही. त्यामुळे सध्या सामान आवरते आहे. ॲटलासचा विषय पुन्हा काढू नकोस.

धाकटी

६ मार्च

ताई,

तुझं पत्र सात पानी. इतकं मोठं पत्र तू बाबांना कधी लिहिलं असतंस तर.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच, दुसऱ्यांदा खुर्चीवर बसून.

तू लिहितेस, होस्टेलवर पहिल्या संध्याकाळी ट्रंक उघडलीस, कपड्यांखालून ब्राउन पेपरात गुंडाळलेला ॲटलास काढलास, आणि प्रत्येक पानावर पाण्याचे तांबूस डाग. आत तुझ्या नावाचं बक्षिसाचं लेबल व्यवस्थित चिकटवलेलं. तुला वाटलं, ज्या मुलीला जवळ ठेवायचं तिला बाबांनी चांगला दिला आणि जी जाणार तिला उरलेला बांधून दिला. तू नव्याने द्यावा लागेल म्हणालीस, आणि त्यांनी दिला तो असा. आणि मग बाबा प्रत्येक पत्रात विचारायचे, "ॲटलास बघतेस ना?" तुला वाटायचं, डाग मोजायला सांगतायत. म्हणून तुझी पत्रं दोन ओळींची. सहा वर्षं घरी आली नाहीस आणि नंतरही आलीस ती पाहुण्यासारखी. पुढे त्याच अपमानावर विचार करता करता तुला तुझा विषय सापडला, म्हणून पुस्तकात तू हे सगळं हसत हसत लिहू शकलीस.

आणि शेवटच्या पानावर लिहितेस, "तुला काय कमी होतं गं? तुला बाबा होते. मी तुझ्यावर इतकी वर्षं जळले, आता निदान फोटो तरी काढू दे."

तू माझ्यावर.

आता लिहिते ते नीट वाच, मी दुसऱ्यांदा लिहू शकणार नाही.

तुझी गाडी दुपारची होती. सकाळी बाबांनी दोन्ही ॲटलास माझ्यासमोर ठेवले, मदरच्या सहीची दोन लेबलं दिली आणि म्हणाले, "वरचा थोरलीचा. तिच्या ट्रंकेत ठेव. खालचा तुझा." आणि छापखान्यात बांधलेली पुस्तकं पोचवायला गेले. चिकटवायचं काम नेहमी माझं असायचं, कारण माझ्या हातून लेबल वाकडं जात नसे.

मी वरचा उघडला. चांगला होता. आपलं दोघींचं चांगलं ते सगळं एकत्र, आणि ते तुझ्याबरोबर जाणार होतं. कॉलेज तुझं, बाबांचं हसणं तुझं, आणि माझी पुढची चांगली पानंसुद्धा तुझी. ती पानं मी पहिल्या दिवसापासून शाईचं बोट न लावता सांभाळली होती, तुझ्यासारखी कोपरे दुमडून नव्हे. मी माझं लेबल चांगल्यात चिकटवलं आणि तुझं डागाळलेल्यात. अगदी सरळ. डागाळलेला कागदात गुंडाळून तुझ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला. एवढंच. पाच मिनिटं लागली असतील.

मला वाटलं होतं, तू आठवड्यात पत्र लिहून भांडशील. बाबा मला रागावतील, मी रडेन, ॲटलास पार्सलने जाईल. त्या भांडणाची मी तयारीसुद्धा केली होती. काय बोलायचं ते ठरवलं होतं. तू भांडलीच नाहीस. महिना गेला, वर्ष गेलं. मला वाटलं, एवढं मिळालेल्या माणसाला ॲटलास उघडायलाही फुरसत नसणार. मग त्याचाही राग आला.

आणि चांगला ॲटलास मला उघडता यायचा नाही, कारण बाबा कधीही मागून येऊन उभे राहतील. पंचेचाळीस वर्षांत मी तो चार-पाच वेळा पाहिला असेन. त्यातले काही देशसुद्धा आता त्या नावाचे उरले नाहीत.

बाबा पोस्टमनकडे बघत राहायचे तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी असायचे. ते म्हणायचे, "हिला ॲटलास आवडला नाही वाटतं." मी म्हणायचे, "अभ्यास असेल हो." मला कारण माहीत नव्हतं असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. शंका होती. तुझ्या पत्रातल्या पहिल्या पानाला माझी शंका बरोबर ठरली.

पान एक्केचाळीसवर बाबांनी चांगला मला आणि उरलेला तुला दिला असं जे आहे ते चूक आहे. त्यांनी तुला चांगला दिला होता. माझ्यामुळे तुला तो मिळाला नाही.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

धाकटी

२४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मी बजावलं होतं की लिहायलाच हवं असं नाही, तरी रोज शटरच्या फटीत हात घालून बघते. बाबांसारखं.

मी तुला ॲटलास पाठवायचं ठरवलं होतं. अभ्र्यातून काढला तर पाठीचं लाल कापड वरच्या टोकाला सुटलेलं दिसलं. हे कापड मूळचं नाही. बाबांच्या शेवटच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, मी आठ दिवस दवाखान्यात होते. घरी आले तर ते म्हणाले, "तुझ्या ॲटलासचं पाठीचं कापड विटलं होतं, बदललं." मला वाटलं, आता लेबलाचं विचारतील. पण ते "तुझ्या" म्हणाले म्हणून मी निर्धास्त झाले. तेव्हा त्यांचे हात थरथरायचे, खळ सगळीकडे सारखी लागली नव्हती. सुटलेल्या पाठीचं पुस्तक मी गिऱ्हाइकालाही देत नाही, तर तुला काय देणार. म्हणून पुन्हा चिकटवायला ते कापड हळूच वर केलं.

आत पेन्सिल होती, ताई.

जुन्या कागदावर, त्यांच्या जुन्या ठसठशीत अक्षरात, "थोरलीचं." ते आपल्या सतराव्या वर्षीचं. आणि त्याच्याखाली वाकडंतिकडं, शेवटच्या वर्षीच्या हाताचं, "धाकटीकडे ठेवलंय."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? तुझं नाव आधी आहे. खरंच असं वाटलं. माझा स्वभाव जाणार नाही.

मग स्टुलावर बसले. त्यांना कळलं होतं. आधीपासून माहीत होतं की त्या आठ दिवसांत कापड काढल्यावर कळलं, ते मला आता कधी समजणार नाही. पण माझं लेबल आणि तुझं नाव त्यांनी एकाच पुस्तकात पाहिलं, तुझ्या दोन ओळींच्या कार्डांचा अर्थ त्यांना त्या क्षणी लागला असणार. तुला एक पत्र टाकलं असतं तर तू धावत आली असतीस. त्यांना तेवढंच हवं होतं, वीस-पंचवीस वर्षं. आणि त्यांनी ते पत्र लिहिलं नाही, कारण मग मी तुला काय तोंड दाखवलं असतं. त्यांनी खरं काय ते जिथे लिहायची त्यांची पद्धत होती तिथे लिहिलं, वरून नवं कापड लावलं, आणि मला "तुझ्या ॲटलासचं" म्हणाले.

आणि "ठेवलंय" लिहिलं. मी घेतलं होतं. त्यांनी "ठेवलंय" लिहिलं.

माझ्यासाठी त्यांनी तुला सोडलं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते हेच, की एकदा तरी त्यांनी तुझ्याऐवजी मला निवडावं. निवडलं होतं आणि मला पत्ता नव्हता. आता कळलं तर ते मिरवावंसं वाटत नाही. तुला त्याची किंमत पडली.

तुझ्या पुस्तकात प्रश्न आहे ना, कुणालाच दिसत नसेल असा गुण वस्तूत असतो का? असतो. एकोणीस वर्षं माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता.

दुकानाच्या किल्ल्या सोमवारी द्यायच्या आहेत. म्हणून कुणाला काय ते लिहून ठेवते.

शिकंजा समोरच्या छापखान्यातल्या बाईंना. त्या तो फुलदाण्या ठेवायला वापरणार नाहीत याची खात्री केली आहे.

मोठी कात्री आणि पुठ्ठ्याचा साठा शाळेला. आता तिथे सिस्टर कमी आणि मास्तर जास्त आहेत, पण हस्तकलेचा तास अजून असतो.

हाडाची पट्टी तुझ्या लेकीला. ती दातांची डॉक्टर, तिला हाडाचं वावडं नसावं. मावशीने दिली म्हणून सांग. एवढ्या वर्षांत मी तिला काही दिलं नाही, त्याचं कारण तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

मेणाची वडी तुला. तिच्यावर दोऱ्याच्या खाचा आहेत. खोल त्या तुझ्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी ओढलेल्या.

पान एक्केचाळीसवर बाबांबद्दलचं नीट कर. माझ्याबद्दल हवं ते लिही, फक्त गप्प होते असं लिहू नकोस.

चांगला ॲटलास तुला. या पत्राबरोबरच आहे. पाठ पुन्हा चिकटवली आहे, पेन्सिल आत आहे तशी. तुला वाचायची असेल तर वरच्या टोकाला जरा खळ कमी लावली आहे, नखाने सुटेल.

डागाळलेला मला पाठव. आधी दोन्ही शेजारी ठेवून तुझा फोटो काढून घे, मग पाठव. तो बाबांनी त्याच दिवशी, त्याच हाताने बांधला होता. त्याची पाठ कुणी बदललेली नाही. त्याच्या आत "धाकटीचं" असं लिहिलेलं असणार, जुन्या ठसठशीत अक्षरात. पंचेचाळीस वर्षं तुझ्या कपाटात आहे. मी तो उघडणार नाही. मला माहीत असलं की झालं.

दोन्हींतली लेबलं काढू नकोस. ती मी लावली आहेत, ती तशीच राहू देत. तुझ्या ॲटलासवर माझं नाव, माझ्या ॲटलासवर तुझं.

धाकटी